पाण्याची फटफटी

मित्रांनो, मी एक फार जुनी मोटारसायकल आहे. उदगीरच्या बाजूला मात्र मला सगळे फटफटी म्हणत आले आणि तेच नाव मला माझं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलायतेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लष्करासाठी माझ्यासारख्या हजारो गाड्या तिथे बनत. एकच जाड सिलिंडर, पुढे स्प्रिंगचा काटा आणि मागे एकही स्प्रिंग नाही. त्यामुळे बसणाऱ्याला रस्त्यातला खडा न् खडा कळे. लढाई संपल्यावर लष्कराने जास्तीच्या गाड्या विकून टाकल्या. मी हैदराबादेत आले आणि निजामाच्या आबकारी खात्यातल्या एका इन्स्पेक्टरांकडे गेले. खाकी कपड्यातले ते साहेब माझ्यावर बसून गावोगाव फिरत. तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं.

अठ्ठेचाळीस सालच्या ऑगस्टात उदगीरजवळच्या एका गावात माझं इंजिन तापून अडकलं. त्या गावात चन्नबसप्पा मिस्त्री विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत. साहेबांनी मला ढकलत त्यांच्या अंगणात आणलं आणि म्हणाले, “आठ दिवसांनी नेतो.” पुढच्याच महिन्यात पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं आणि साहेब कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही.

चन्नबसप्पांना सगळं गाव अप्पा म्हणे. अप्पांनी मला गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभं केलं. “अमानत हाय,” ते बायकोला म्हणाले. “धनी आल्याबिगर हात लावायचा न्हाई.” त्यांनी खरोखरच हात लावला नाही. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मग माझ्याभोवती कडबा रचला गेला आणि मी दिसेनाशी झाले. छपन्न साली उदगीर बिदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात गेलं, हेही मी कडब्याच्या आतूनच ऐकलं. अशी माझी चोवीस वर्षं गेली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जनावरांनी वर्षभराचा कडबा खाऊन संपवला आणि एके दिवशी मी उघडी पडले. विहिरी कोरड्या, त्यामुळे त्यांच्यावरची इंजिनं बंद आणि अप्पांच्या हाताला काम नाही. गावापासून दीड कोसावर पाझर तलावाचं दुष्काळी काम सुरू झालं होतं. तिथल्या कुदळी आणि पहारींना धार लावून देणं एवढंच अप्पांकडे उरलं होतं.

त्या कामावर पंढरी आणि त्यांची बायको सरजाबाई दोघंही जात. बौद्धवाड्यात त्यांचं घर होतं. पंढरी तरुणपणी फौजेत होते, लढाईत मोटारींच्या खात्यात. ते फौज सोडून गावी आले तोवर मी कडब्याआड गेले होते. एकदा ते बोथट पहारी घेऊन अप्पांकडे आले आणि माझ्यासमोर थबकले.

“अप्पा, ही हितं कशी?”

“वळखतोस का?”

“दोन वर्सं असल्याच गाडीवर होतो मी. डोळे बांधून खोलीन.”

“अमानत हाय, पंढरी. धनी आला तर काय सांगू?”

“आला तर चालती गाडी दिऊ की,” पंढरी म्हणाले. अप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि पहारी भट्टीत घातल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. कामावर पिण्याचं पाणी बैलगाडीने येई. भुकेने खंगलेला एक बैल रस्त्यातच खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. दुपारपर्यंत कामावर पाण्याचा थेंब नव्हता. नागुबाई नावाची एक बाई डोक्यावरच्या घमेल्यासकट कोसळली. तिला बाजेवर घालून गावात आणलं ते अप्पांच्या अंगणावरूनच. अप्पांच्या पत्नी नागम्मांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. नागम्मा नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “धनी यायचा तवा यील. ह्या बायांनी तवर काय करावं?”

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पंढरींना बोलावून घेतलं.

त्यानंतरचा दीड महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ. कामावरून आले की पंढरी अप्पांच्या अंगणात बसत. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून. तोवर कामावरचं पाणी बाया डोक्यावरून नेत. माझा पिस्टन सिलिंडरला गच्च धरून बसला होता. त्यांनी प्लगच्या भोकातून रॉकेल ओतलं आणि आठ दिवस मला हात लावला नाही. नवव्या दिवशी मागचं चाक धरून हळूहळू हलवलं, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं माझं यंत्र, ओलीने निकामी झालं होतं. पंढरींनी ते खोलून पत्र्याच्या डब्यात उन्हाला ठेवलं. त्या वर्षी उन्हाची कमी नव्हती. अप्पांनी तांब्याचा पत्रा ठोकून गॅस्केट कापलं, व्हॉल्व्ह तासन्‌तास हाताने घासून बसवले. बुलेटची टायरं मला बरोबर बसली. सीटचं कातडं नागम्मांनी दाभणाने शिवलं.

दोघं नुसती दुरुस्ती करून थांबले नाहीत. धुळीने इंजिन खराब होऊ नये म्हणून अप्पांनी डालड्याच्या डब्यात तेलात भिजवलेला काथ्या भरला आणि हवा त्यातून आत घेतली. माझ्या डाव्या बाजूला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडला, त्याला भंगारातलं तिसरं चाक लावलं आणि त्यावर शंभर लिटरचं पिंप बसवलं. पिंपाला खाली एक पितळी तोटी होती. ती पंढरींची कल्पना. “वरून वगराळ्यानं काढून वाढायला नगं,” ते म्हणाले. “ज्यानं त्यानं आपलं घ्यावं.”

अप्पा तेव्हा फक्त “बरं हाय” म्हणाले. पंढरींच्या त्या वाक्यात काय होतं ते त्यांना तेव्हा पुरतं उमगलं नसावं.

मी सुरू झाले तो दिवस मला आठवतो. पंढरींनी तीन किका मारल्या. चौथीला मी खोकले, धूर सोडला आणि चोवीस वर्षांनी बोलू लागले. अप्पा ओट्यावर बसले आणि उपरण्याने डोळे पुसत राहिले.

गावाच्या वरच्या अंगाला एका विहिरीत अजून पाणी होतं. तिथून भरून मी दिवसातून पाच-सहा खेपा करू लागले. पंढरी मला चालवत. कामावरचे ओव्हरसिअर पेट्रोल देत. मी लांबून दिसले की बाया हातातली घमेली खाली ठेवत. लोक मला पाण्याची फटफटी म्हणू लागले.

पण चौथ्या दिवशी मुकादम व्यंकटराव अंगणात आले. पूर्वी बैलगाडीवर त्यांचा माणूस पाणी वाटे आणि बौद्धवाड्यातल्या माणसांच्या ओंजळीत ते वरून ओती. आता सगळेच हात एका तोटीला लागत होते. काही लोकांनी कुरकुर केली होती.

“मिस्त्री, दोन तोट्या करा,” व्यंकटराव म्हणाले. “मधी पत्रा घाला. माणसं पाणी प्यायना झाली म्हणजे कामाचा खोळंबा मला भोवंल.”

अप्पांनी एकदा पिंपाकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी दुसरी तोटी आणली. पंढरी माझी चेन ताणत होते.

“पंढरी,” अप्पा खाली बघत म्हणाले, “सध्या दोन बसवू. पाणी तर मिळंल सगळ्यांला.”

पंढरींनी पाना खाली ठेवला. चिंधीने हात पुसले. “गाडी तुमची हाय, अप्पा. बसवा. मी चालवायचो न्हाई,” एवढंच म्हणून ते निघून गेले.

दोन दिवस मी जागची हलले नाही. दोन दिवस बाया पुन्हा डोक्यावर घागरी घेऊन दीड कोस चालत राहिल्या, बौद्धवाड्यातल्याही. त्यांच्यातल्या कुणी पंढरींना दोष दिला नाही, असं मी पुढे ऐकलं. अप्पा दुसरी तोटी हातात घेऊन माझ्याजवळ येत आणि भोक न पाडताच परत जात. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मला सुरू करायचं ठरवलं. त्यांना सवय नव्हती. किक मारली आणि ती उलटी बसली. अप्पा पडले आणि त्यांचा घोटा भोपळ्यासारखा सुजला. मित्रांनो, ती लाथ मी मुद्दाम मारली नाही. माझी रीतच तशी आहे. पण त्यांना विव्हळताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नागम्मा हळद गरम करून लावत होत्या. “गाडी दोघांनी जोडली,” त्या म्हणाल्या. “एकट्याच्यानं कशी चालंल?”

अप्पा काठी घेऊन लंगडत निघाले. पुढचं मी पाहिलेलं नाही. पण सरजाबाई नागम्मांना ते सांगत होत्या तेव्हा मी शेजारीच उभी होते.

अप्पा पंढरींच्या ओट्यावर जाऊन टेकले. दोन्ही घरांची ओळख तीस वर्षांची, पण अप्पा त्या ओट्यावर पहिल्यांदाच बसले होते. “वहिनी, जरा पाणी द्या,” ते म्हणाले.

सरजाबाई क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. “घरातलं हाय, अप्पा. आमच्या रांजणातलं.”

“तेच द्या.”

अप्पा तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्याले. बाहेर चार माणसं बघत होती. पंढरी समोर येऊन बसले. मग त्यांचं लक्ष घोट्याकडे गेलं.

“पाय लई सुजलाय.”

“किक उलटी बसली.”

“हँडलवरची बारकी लिव्हर आदी मागं घ्यावी लागती. दाखवली होती की मी.”

“इसरलो,” अप्पा म्हणाले. “पंढरी, मी चुकलो. तोटी एकच ऱ्हाईल. यायलास का?”

त्याच दुपारी मी भरलेलं पिंप घेऊन कामावर गेले. या वेळी पिंपाच्या शेजारी सुजलेला पाय लांब करून अप्पा बसले होते. तोटी पहिल्यांदा सरजाबाईंनी उघडली. त्या पाणी पिऊन बाजूला झाल्या आणि मग कुणीच पुढे येईना. ऊन रणरणत होतं. मग नागुबाई उठली, पदर खोचला, त्याच तोटीखाली ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्याली. तिच्यामागून हळूहळू रांग लागली. सगळेच आले असं नाही. सात-आठ जण घरून तांबे आणत राहिले. व्यंकटराव तर शेवटपर्यंत आपल्याच फिरकीच्या तांब्यातलं पाणी पीत होते. पण दुसऱ्या तोटीचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस पडेपर्यंत मी एकही खेप चुकवली नाही.

मग दिवस पालटले. तलाव भरला, विहिरींवरची इंजिनं पुन्हा धडधडू लागली. माझं पिंप काढून अप्पांनी त्या जागी बाकडं बसवलं. साहेब कधीच परत आले नाहीत. ते आले नाहीत म्हणून अप्पांनी माझ्या कागदांवर स्वतःचं नाव कधी चढवून घेतलं नाही.

ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. मी जागची हलले नव्हते, पण हा माझा तिसरा जिल्हा. उस्मानाबादेला जायचं तर अख्खा दिवस मोडे. आता जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं. नव्या कचेरीत माणसं हवी होती. पंढरींची मुलगी पंचफुला टंकलेखन शिकली होती. तिला तिथे नोकरी लागली. घरातली पहिली सरकारी नोकरी.

पंढरी म्हणाले, एसटीने जाऊ. अप्पांना तोवर मोतीबिंदूमुळे अंधुकच दिसत होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. “पोरगी कचेरीत चालली. फटफटीवरच जायचं.”

पहाटे निघालो. पंढरी चालवत होते, मागे पंचफुला, बाजूच्या बाकड्यावर अप्पा. वाटेतल्या चढावर मी तापले. पंढरींनी मला झाडाखाली उभं केलं आणि तिघांनी माझ्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. आम्ही पोहोचलो तेव्हा कचेरी नुकतीच उघडत होती. दारातल्या शिपायाने धुळीने माखलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

“ह्यातले तुमचे वडील कोणते?” त्याने विचारलं.

“हे माझे बाबा,” पंचफुला म्हणाली. “आणि हे अप्पा. गाडी दोघांची आहे.”

अप्पांनी हाताने चाचपून माझी टाकी शोधली आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

पाच वर्षांनी अप्पा गेले. नागम्मांनी मला पंढरींच्या दारात पोहोचवलं. पंढरींनी जमेल तितके दिवस मला चालवलं. तेही गेल्यावर मी पुन्हा पत्र्याखाली आले, पुन्हा गंजले. बिघडलेल्या भागापेक्षा कुणी जवळ न येणं जास्त दुखतं, हे मला तेव्हा दुसऱ्यांदा कळलं.

आता मी लातुरात पंचफुलाच्या अंगणात आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने मला गावाहून आणलं आणि चष्मा लावून स्वतः खोललं. मला नवा दिवा लावला, नव्या तारा ओढल्या. पोचे मात्र तसेच ठेवले. एका जागी ती अडली. माझ्या पुढच्या काट्यात अप्पांनी हाताने घडवलेली एक बारीक कडी होती. ती झिजून गेली होती. कोणत्या धातूची, कशी वळवलेली, ते कुठे लिहिलेलं नाही. पंचफुला ती तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. “बाबांना माहीत असणार,” ती मला म्हणाली. “मी कधी विचारलंच नाही.” शेवटी तिने बाजारातली एक कडी बसवली. मी चालते, पण वळताना थोडी कुरकुरते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. ते पुसा, त्याला तेल द्या, पावसात ठेवू नका. पण त्याआधी, ते ज्यांना खोलता येतं ती माणसं घरात असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. ती पाना कसा धरतात ते पाहा. जे कळणार नाही ते विचारा, आणि आजच विचारा.