अंड्यावरची फुली

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. जिथे एकेकाळी बर्फाच्या लाद्या रचल्या जायच्या तिथे सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि चौथऱ्यावर फुंकरबाबा बसले होते. त्यांनी टोपलीतलं एक अंडं काचेच्या वाडग्यात फोडलं.

"नीट बघा! आहे का यात जीव?"

"नाही!" गर्दी ओरडली.

"हे झालं तुमचं विज्ञान. आता आमची फुंकर बघा. एकवीस दिवसांचं काम एकवीस श्वासांत! कोंबडीला म्हणावं, जा बाई रजेवर."

लोक खदाखदा हसले. चेल्याने पडद्याआडून हात घालून दुसरं अंडं बाबांच्या मुठीत ठेवलं. बाबांनी डोळे मिटले, फुंकर घातली, पुन्हा घातली. थोड्या वेळाने बोटांमधून ओलंचिंब पिल्लू डोकावलं आणि चिवचिवलं. पटापट हात जोडले गेले. एक म्हातारा तर ढसाढसा रडला.

मागे भिंतीला टेकून मिस्त्री उभा होता. फ्रिज दुरुस्तीचं दुकान हा त्याचा धंदा, आणि अंडी उबवणं हा नाद. घरी थर्मोकोलच्या खोक्यात त्याने एक बल्ब, मोडक्या गिझरचा थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी बसवली होती. त्याचं लक्ष पिल्लाकडे नव्हतंच. बाबांच्या पायाशी पडलेल्या कवचावर पेन्सिलीची पुसट फुली होती.

ती फुली त्याच्या चांगलीच ओळखीची होती. मशीनमधली अंडी दिवसातून तीनदा उलटावी लागतात, नाहीतर पिल्लू आत चिकटून बसतं. कुठलं उलटलं ते कळावं म्हणून एका बाजूला फुली काढायची, दुसऱ्या बाजूला गोल. श्वासाने जीव घालणाऱ्याला पेन्सिल कशाला लागावी?

एरवी तो मनात चार शिव्या हासडून घरी गेला असता. पण पहिल्याच रांगेत त्याची धाकटी बहीण बसली होती, मांडीवर नऊ वर्षांच्या छकुलीला घेऊन. छकुलीला चौथ्या वर्षापासून इन्सुलिन लागत होतं.

त्याने बहिणीला दारातच गाठलं.

"बाबा म्हणाले, सुई म्हणजे अविश्वास," ती म्हणाली. "एकवीस दिवस बंद ठेवायची. मी परवापासून बंद केलीय."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"पाच वर्षं टोचतेय दादा, रोज चार वेळा. मांडीवर जागा उरली नाही पोरीच्या. तुला टोचावं लागतं का?"

तो तावातावाने म्हणाला, "तो भामटा आहे! असलं पिल्लू मीही काढून दाखवतो."

"मग दाखव सगळ्यांसमोर. तू दाखवलंस की त्याच क्षणी सुई देते. शप्पथ."

मिस्त्रीने मनातल्या मनात हिशेब केला. त्याच्या खोक्यातल्या अंड्यांचा एकोणिसावा दिवस चालू होता. "परवा सकाळी," तो म्हणाला. छकुली तेव्हा चालत होती, बोलत होती. "मामा, पाणी," एवढं मात्र तिने दोनदा मागितलं.

ते दोन दिवस तो अंड्यांना कान लावून बसला. दुसऱ्या संध्याकाळी पहिल्या कवचाला तडा गेला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ती हरखून सांगत होती, "दादा, छकुलीच्या श्वासाला पिकल्या फळांचा वास येतोय रे! शेजारपाजारचे येऊन पाया पडतायत." मिस्त्री मनात म्हणाला, पडू देत, उद्या तोंडघशी पडतील.

सकाळी तो खोकं घेऊन थेट चौथऱ्यावर चढला.

"एकविसाव्या दिवशी पिल्लू आतून टोचतं," त्याने सांगितलं. "मग बराच वेळ दम खातं, आणि सरतेशेवटी गोल फिरत टोपण कापतं. टोपण उडायच्या बेतात असलेलं अंडं उचलायचं, तडा तळव्याकडे लपवायचा आणि मग हवं तेवढं फुंकायचं. फुंकलं नाहीत तरी पिल्लू येणारच. वाडग्यात फोडलं ते बाजारातलं अंडं. त्यात जीव नसतोच."

त्याने अंडं मुठीत धरलं आणि चक्क गर्दीकडे बघून जांभई दिली. पिल्लू यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात कोणी जागचं हललं नाही. पहिल्या रांगेत छकुली अर्धवट डोळे मिटून खोल खोल, भराभर श्वास घेत होती. "बाबांची फुंकर शिरलीय अंगात," शेजारची बाई कुजबुजली.

पिल्लू बाहेर आलं. कोणीतरी पडदा ओढला. मागे तसंच खोकं होतं, तसाच बल्ब, आणि चाळीस अंड्यांवर फुल्या. बाबा मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते. लोक मिस्त्रीच्या नावाने टाळ्या पिटत होते आणि त्याला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

"दादा," बहीण म्हणाली, "ही उठत नाहीये."

दवाखान्यात बहिणीने पिकल्या फळांच्या वासाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी छकुलीचा श्वास हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा फळांचा वास नाही. इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं. रक्तात आम्ल साचतं. ते बाहेर टाकायला ही असा श्वास घेतेय. सुई कधीपासून बंद आहे?"

"चार दिवस," बहीण म्हणाली.

त्यातले दोन माझे, मिस्त्रीच्या मनात आलं. छकुली त्याच दुपारी गेली.

बहिणीने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर त्याला सोसलं असतं.

आता तो खोकं घेऊन शाळाशाळांतून फिरतो. मुलं फुली-गोल काढतात, अंडी उलटतात, एकविसाव्या दिवशी आनंदाने किंचाळतात. बहीण मागच्या बाकावर बसून असते. सगळं आवरलं की मिस्त्री तेच सांगतो: "चमत्कार दिसला की प्रश्न विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. पण घरात कोणी आजारी असेल, तर आधी औषध द्या. उचलून न्यावं लागलं तरी दवाखान्यात न्या. भामट्याला नंतरही उघडं पाडता येतं. मी अंडं फुटायची वाट बघत बसलो होतो."