सोडायला वीज लागते

शहरातल्या कितीतरी उंच इमारतींच्या लिफ्ट ज्याच्या हाताखालून गेल्या, त्या मेकॅनिकच्या सख्ख्या बहिणीने जन्मात कधी लिफ्टमध्ये पाऊल ठेवले नव्हते. ती राहायची पाचव्या मजल्यावर. हातात सामानाची पिशवी असो, गुडघे कुरकुरत असोत, ती आपली जिन्यानेच चढायची आणि जिन्यानेच उतरायची. इमारतीचा पहारेकरी ही गंमत जिभेवर गोळीसारखी घोळवत असे.

"काय हो मिस्त्री, अख्खी इमारत तुमच्या लिफ्टवर जीव टाकते. तुमच्या घरचेच तेवढे लांब राहतात!"

मेकॅनिक हसून वेळ मारून नेई. पण जिना चढताना मागून येणारा बहिणीचा श्वास ऐकला, की हसू त्याच्या ओठांवरच विरून जाई.

त्याने तिला समजावले नव्हते असे नाही. एकदा जेवणानंतर चिमटा आणि रबरबँड घेऊन तो तिच्यासमोर बसलाच होता. "हे बघ ताई, लोकांना वाटतं, वीज लिफ्टला धरून ठेवते आणि ती गेली की लिफ्ट कोसळते. उलट आहे सगळं. ब्रेक स्प्रिंगनं आवळलेलाच असतो, उपजतच म्हण ना. वीज आली की त्याचे जबडे उघडतात, तेव्हा लिफ्ट हलते. धरायला वीज लागत नाही, सोडायला लागते."

"आणि वीज गेली तर?"

"तर जिथल्या तिथं घट्ट धरतो."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जिन्यानेच गेली.

भावाच्या घरी तिला सगळे 'किल्लेदार' म्हणत. हे नाव मेकॅनिकच्या मुलीने ठेवलेले, आत्याच्या कमरेच्या जुडग्यावरून. रुग्णालयात चादरी-अभ्र्यांच्या कोठीवर ती मुख्य होती, आणि कोठीच्या किल्ल्यांबरोबर घरच्याही किल्ल्या त्याच कडीत. घराच्या दाराला वर कडी, खाली बोल्ट, मध्ये लॅच आणि बाहेरून कुलूप. कुलूप लावून झाले की ती ते ओढून बघे. दोन पायऱ्या उतरून परत येई आणि पुन्हा ओढून बघे. मेकॅनिकची बायको म्हणायची, "वन्सं, त्या कुलपाचा हात निखळेल एक दिवस."

या थट्टेत मेकॅनिक कधी सामील होत नसे. आईवडील एकाच हिवाळ्यात गेले, तेव्हा ही बहीण स्वतःच अजून पोरसवदा होती. पहिल्या रात्री तिने खाट ओढत नेऊन दाराला टेकवली होती आणि त्याला कुशीत घेऊन तिच्यावर पडली होती. खाटेच्या पायांनी फरशीवर उमटवलेले ते ओरखडे त्याला अजून आठवत. पुढे तो दोरखंडांच्या मधोमध, खोल अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीवर उभा राहून काम करू लागला, आणि लोक त्याच्या धीटपणापुढे तोंडात बोटे घालू लागले. तेव्हा त्याला आतून ठाऊक असे, की हे धैर्य त्याचे नव्हेच. कोणीतरी आयुष्यभर जीव मुठीत धरून कड्या लावल्या, म्हणून तो इतका मोकळा झोपला आणि इतका निर्धास्त जागा झाला.

आणि त्याच बहिणीने एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत सांगितले, की ती घर सोडणार आहे.

गावाबाहेर, बसचा रस्ता संपतो तिथे, ज्यांना कोणी नाही अशा आजाऱ्यांसाठी एक घर होते. शेवटचे दिवस तिथे काढायला माणसे येत. तिथे राहायचे, त्यांचे कपडे धुवायचे, त्यांच्याजवळ बसायचे, असे तिने ठरवले होते.

"पगार?" मेकॅनिकने विचारले.

"जेवण आणि एक खोली."

"खोलीला कुलूप तरी आहे का?"

बहीण किंचित हसली. "मी पाहून आले. त्या घराच्या दारालाच कडी नाही. कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून काढूनच टाकलीय."

"तू? बिनकडीच्या घरात?" त्याचा आवाज चढला. "ताई, उद्या आजारी पडलीस तर? पाय घसरला तर? तुझं कोण करणार?"

"जे त्यांचं करतात, तेच माझं करतील."

"हे खूळ घातलं कोणी तुझ्या डोक्यात?"

ती बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात वॉर्डात एक म्हातारे गेले. चादर बदलायची म्हणून मी गेले, तर त्यांची मूठ उशीखाली. आत किल्ल्या. घर कधीच पडलेलं, दारं भंगारात गेलेली, नर्सनं मला सगळं सांगितलं होतं. पण ती मूठ सुटेना, बाळ्या. प्राण गेला होता आणि पकड होती. एकेक बोट उलगडावं लागलं." तिने कप दूर सारला. "तू नाही का सांगितलंस, वीज गेली की ब्रेक घट्ट होतो? मला त्या दिवशी तुझा ब्रेक कळला. म्हटलं, अजून माझ्यात वीज आहे. आहे तोवर सोडावं."

मेकॅनिक रागावला. नंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतेच बोलला. ती मात्र शांतपणे एकेक वस्तू वाटत राहिली. भांडी शेजारणीला, शिलाई मशीन भाचीला, घर भावाला. त्याने तिच्यासाठी आणलेली लोखंडी पेटी तशीच रिकामी पडून राहिली. तिने फक्त एक कापडी पिशवी भरली.

निघायच्या दिवशी सकाळी तो आला खरा, पण दारातच घुटमळला. तिने कुलूप लावले आणि जुडगा त्याच्या हातात दिला. ती आता कुलूप ओढून बघेल, असे त्याला वाटले, आणि ते बघायचे धैर्य त्याला होईना.

"वर मशीनला जरा तेल द्यायचंय," तो म्हणाला. "तू हो पुढं. मी गाठतो तुला जिन्यात."

"तेल द्यायला आजचाच दिवस सापडला का?"

तो गच्चीकडे गेला.

मशीन रूम म्हणजे त्याचे दुसरे घर. मधोमध मोटर, तिच्यावरून खाली उतरणारे दोरखंड, आणि मोटरच्या अंगाला तो ब्रेक. तेलाचा तो जुना, उबदार वास छातीत भरून घेत तो उभा होता, तोच मोटर घुमली. चाक फिरले, थांबले. कोणीतरी लिफ्ट पाचव्यावर बोलावली होती. पुन्हा चाक फिरू लागले, या खेपेला खाली. मग एकाएकी दिवा विझला, ब्रेकचे जबडे खटकन मिटले आणि सगळे गप्प झाले. वीज गेली होती.

दोरखंडांच्या फटीतून, खालच्या अंधारातून आवाज आला.

"बाळ्या, आहेस का रे वर?"

त्याच्या हातातली तेलाची बुधली खाली पडली. "ताई? तू लिफ्टमध्ये?"

"हो. आजच म्हटलं बसावं. आणि तुझ्या लिफ्टनं माझी अशी शोभा केली!" आवाजात थट्टा होती, पण थट्टेखाली एक बारीक थरथर होती, ती जगात फक्त त्यालाच ऐकू आली असती.

तो फटीपाशी गुडघ्यांवर बसला. अडकलेल्या माणसांना सांगायचे त्याचे एक ठरलेले वाक्य होते, 'घाबरू नका, धरलंय.' ते आपोआप त्याच्या तोंडून गेले. "घाबरू नकोस ताई. धरलंय."

"ते माहीत आहे. धरलंय म्हणून तर अडकलेय."

आणि तेव्हा एक विचार पाय न वाजवता त्याच्या मनात शिरला. काहीच करू नये. वीज यायला वेळ लागेलच. पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसलेली बाई, चारी बाजूंनी अंधार. थोडा वेळ तसाच जाऊ द्यावा. ती बाहेर येईल ती घामाघूम होऊन, आणि म्हणेल, नको रे बाबा, आपलं घरच बरं. जुडगा त्याच्या खिशात होता. दार उघडायला कितीसा वेळ लागणार? त्याला कोणी दोषही दिला नसता. वीज काय त्याने घालवली होती?

खालून हळूच तिचा आवाज आला. "बाळ्या, हे त्या खाटेवरच्या रात्रीसारखं आहे रे. फक्त तू कुशीत नाहीस."

मेकॅनिकने डोळे मिटले. त्या रात्री तिची छाती कशी धडधडत होती, ते त्याच्या कानाला अजून पाठ होते. आणि तिने त्याला काय सांगितले होते, तेही. झोप तू, मी जागी आहे.

तो उठला. मेन स्विच बंद केला. भिंतीवरचा ब्रेकचा लांब दांडा काढून खोबणीत बसवला आणि दोरखंडांवरच्या, मजले दाखवणाऱ्या पिवळ्या खुणांवर नजर टाकली. लिफ्ट पाचव्याच्या जेमतेम खाली होती.

"ताई, ऐक. आता मी हातानं ब्रेक उघडणार आहे. म्हणजे..." ते वाक्य त्याच्या धंद्यात तो कधी बोललाच नव्हता. "म्हणजे मी सोडतोय."

"सोड. खाली जाईन ना?"

"नाही. वर येशील."

"या वेळी थट्टा नको हं."

"थट्टा नाही. दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन टांगलेलं असतं. लिफ्ट माणसांनी भरलेली असली, की ती जड, मग सोडली की खाली जाते. तू एकटी आहेस. एक पिशवी घेऊन. तू हलकी आहेस ताई. सोडलं की तू वरच येणार."

मग ती हसली. आईच्या माघारी ती इतकी मोठ्याने कधी हसल्याचे त्याला आठवेना.

"इतकी वर्षं पडायची भीती घातलीस होय रे मला!"

"मी कुठं घातली? तूच घेतलीस." तोही हसला. "ताई, वर म्हणजे आधी तुझाच मजला येतो. तिथं थांबवतो. तुझं दार समोरच आहे. किल्ल्या आहेत माझ्याकडं." तो थांबला. "अजून विचार कर."

त्याने दांड्यावर दोन्ही हात नीट बसवले.

"थांबवू नकोस," ती म्हणाली. "पाचव्यावर थांबवू नकोस. तू आहेस तिथपर्यंत ने."

त्याने दांडा दाबला. स्प्रिंग त्याच्या सगळ्या ताकदीविरुद्ध उभी राहिली. धरण्याचा तिचा स्वभावच होता. जबडे केसभर उघडले, आणि ते अवजड चाक, कोणीही न ढकलता, आपल्या आपण वळले. तो थोडे सोडी, आवळून घेई, पुन्हा सोडी. दंड भरून आले. पिवळी खूण सरकत सरकत समोर आली, तेव्हा त्याचे हात एकदा थबकलेच. चाक थांबले.

"पाचवा आला वाटतं," खालून आवाज आला. "फटीतून उजेड दिसतोय. माझं दार दिसतंय."

त्याचे हात दांड्यावरच होते.

"बाळ्या, दमलास?"

"नाही," तो म्हणाला आणि त्याने दांडा पुन्हा दाबला.

खूण पुढे गेली.

"गेलं," ती म्हणाली. "माझं दार गेलं." आणि त्या आवाजातली थरथर संपली होती.

शेवटच्या मजल्यावर त्याने ब्रेक मिटवला, धावत खाली येऊन चावीने लिफ्टचे दार उघडले. ती कोपऱ्यात नव्हती, भिंतीला टेकली नव्हती, कठड्याला तिने हातही लावला नव्हता. लिफ्टच्या मधोमध ती सरळ उभी होती, पिशवी खांद्याला, दोन्ही हात मोकळे. एवढ्या वर्षांत त्याने कितीतरी माणसे अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढली होती. धडधाकट पुरुष त्याच्या गळ्यात पडून रडलेले त्याने पाहिले होते. असे उभे राहिलेले माणूस त्याने पाहिले नव्हते. ही माझी बहीण, असे त्याच्या मनात आले.

"बघतोस काय असा? बस निघून जाईल," ती म्हणाली.

तिला बाहेर घेऊन त्याने लिफ्टचे दार मिटले, वर जाऊन मेन स्विच पुन्हा चालू केला, आणि ते जिन्याने उतरू लागले. पाचव्यावर ते दार आले. ती पुढे होती. तिने कुलपाकडे पाहिलेसुद्धा नाही असे नाही. पाहिले, ओळखीच्या माणसाकडे बघून मान हलवावी तसे, आणि ती पुढची पायरी उतरली. मागून येणाऱ्या मेकॅनिकचा हात मात्र नकळत कुलपाकडे गेला. ओढून बघावे म्हणून बोटे त्याला टेकलीही. मग त्याला आपल्याच हाताचे हसू आले, आणि त्याने तो मागे घेतला.

फाटकापाशी तिने त्याच्या गालाला हात लावला, लहानपणी लावायची तसा, आणि ती बसच्या थांब्याकडे चालू लागली. गुडघे कुरकुरत असणारच. पण पाठ ताठ होती. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. डोळे भरले होते आणि ते त्याने पुसले नाहीत.

पहारेकरी शेजारी येऊन उभा राहिला. "गेल्या का ताई? शेवटी जिन्यानंच ना? मी पाहिलं उतरताना."

"उतरली जिन्यानं," मेकॅनिक म्हणाला. वीज परत आली होती. वर कुठेतरी ब्रेक उघडल्याचा ओळखीचा आवाज झाला आणि लिफ्ट कोणाच्या तरी हाकेला निघाली. "पण गेली ती लिफ्टनं."