मोटेच्या धावेवरचं इंग्रजी

मित्रांनो, मला इंग्रजी येतं. हसा, खुशाल हसा! बैलाला इंग्रजी येतं म्हटल्यावर माणसं हसणारच. पण संगमनेरच्या पलीकडे आमच्या गावात कुणालाही विचारा. 'सहादेवाचा चांद्या' एवढं म्हटलं, की तो तुम्हाला थेट आमच्या गोठ्यापर्यंत आणून सोडील. मी आता म्हातारा झालो आहे. दात झिजलेत, आणि विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून मला कुणी कामाला जुंपत नाही. दिवसभर दावणीला बसून माश्या हाकलायच्या, एवढाच उद्योग. म्हणून म्हटलं, आपली हकिगत तुम्हाला सांगावी. सगळी नाही, अभिमानाची तेवढी.

मी जातीचा डांगी. अकोल्याच्या डोंगरात जन्मलो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि कपाळावर चांद, म्हणून नाव चांद्या. धो धो पावसात उभं राहून भाताच्या खाचरात चिखल तुडवावा तो आमच्याच जातीनं! राजूरच्या बाजारात सहादेवानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले आणि मला घेऊन आपल्या गावी आला. इथं येऊन पाहतो तर काय, पावसाचा पत्ता नाही. पाणी सगळं विहिरीच्या तळाशी. ते वर काढायचं काम माझं आणि माझ्या जोडीदाराचं, खंड्याचं.

तुमच्यातल्या पुष्कळांनी मोट पाहिली नसेल. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी पिशवी. ती विहिरीत सोडायची आणि तिचा दोर चाकावरून घेऊन आमच्या जुवाला बांधायचा. विहिरीपासून खाली उतरत जाणारी एक वाट असते, तिला धाव म्हणतात. आम्ही धावेनं खाली गेलो, की भरलेली मोट वर येते आणि पाणी पाटात पडतं. मग आम्ही तोंड न वळवता, उलट्या पावलांनी पुन्हा वर यायचं, म्हणजे रिकामी मोट विहिरीत उतरते. पुढं चालणं काय, कुणालाही जमतं हो. मागं चालून दाखवा! खंड्या तर सुरुवातीला असा तिरका व्हायचा, की दोघंही बांधावर जाऊन पडायचो. पण शिकलो, आणि असे तरबेज झालो, की आमची जोडी पाहायला शेजारच्या शिवारातली माणसं थांबायची.

सहादेवाला एकच मुलगी, विजयमाला. दोन गावं ओलांडून ती हायस्कुलात जायची. आमच्या गावातून मॅट्रिकला बसलेली ती पहिली मुलगी. गणितात पास, मराठीत पास, सगळ्यात पास आणि इंग्रजीत गेली! ऑक्टोबरात पुन्हा बसली, पुन्हा इंग्रजीतच गेली. निकाल कळला त्या दिवशी ती गोठ्यात आली आणि माझ्या मानेला मिठी मारून रडली. माझी मान सगळी ओली झाली. मला फार वाईट वाटलं, पण बैलानं करायचं काय? मी तिचा खांदा चाटला.

शेजारचा पुंजाराम टपूनच होता. केडगावच्या त्याच्या मेहुण्याचा मुलगा लग्नाचा होता. तो गोठ्याच्या दाराशी येऊन म्हणाला, "सहादेवा, लई झालं शिकनं. इंग्रजी काय तिच्या नशिबात न्हाई. औंदाच बार उडवून टाकू."

सहादेवानं हातातली वैरण खाली ठेवली. मग त्यानं मुलीला हाक मारली.

"विजू, आता एकच बारी. मार्चात पास झालीस तर मास्तरीन व्हाया तुला नगरला धाडीन. न्हाई झालीस, तर पुंजाराम म्हंतो तसं. मंजूर?"

"मंजूर," विजयमाला म्हणाली. तिला मास्तरीणच व्हायचं होतं. लहानपणापासून ती वासरांना ओळीनं बसवून शाळा घ्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आणि नेमका त्याच आठवड्यात सहादेव विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला. गुडघा सुजून मडक्याएवढा झाला. गहू तर पाण्यावाचून माना टाकत होता. मोट कोण हाकणार? राहीबाई, म्हणजे विजयमालेची आई, एकटी घरचं, दारचं, नवऱ्याचं बघत होती. शेवटी विजयमालेनं पदर खोचला आणि आमचे कासरे हातात घेतले. "पोरगी मोट हाकती!" म्हणून पोरासोरांनी बांधावर गर्दी केली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. पण अभ्यास बुडाला. हातात कासरा असताना पुस्तक कुठं धरणार?

तिचं घोडं अडलं होतं ते ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइसपाशी. मला हे शब्द रोज ऐकून पाठ झालेत. तिच्या सुमंत सरांनी वर्गात सांगितलं होतं, "मुलांनो, कर्म पुढे आणायचं, कर्ता मागे न्यायचा आणि क्रियापदाचे कपडे बदलायचे." नियम तिला घडाघडा यायचा. वाक्य समोर आलं, की मात्र सगळा गोंधळ! कर्ता कुठं, कर्म कुठं, काही सुधरायचं नाही.

एक दिवस सकाळी आम्ही धावेनं खाली निघालो. विजयमाला आमच्या मागच्या दोरावर बसली होती, मोट हाकणारे खाली जाताना तसेच बसतात. एकदम म्हणाली, "द फार्मर ड्राइव्ह्ज द बुलक." मोट वर आली, पाणी धबधब पडलं. आम्ही उलट्या पावलांनी मागं निघालो, तशी ती सावकाश, आमच्या पावलागणिक एकेक शब्द टाकत बोलली, "द बुलक... इज... ड्रिव्हन... बाय... द फार्मर." आणि टाळी वाजवून ओरडली, "आरं चांद्या, असं हाय व्हय! म्होरं जाताना सरळ आन् मागं येताना उलटं!"

बुलक म्हणजे मी, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. आणि खरं सांगू? मागं येतानाचं ते वाक्य मला जास्त आवडलं. त्यात आधी माझं नाव, शेतकऱ्याचं मागून. अख्ख्या जन्मात मला असा मान कुणी दिला नव्हता.

मग काय विचारता! सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत धावेवर इंग्रजीच इंग्रजी. जे दिसेल त्याचं वाक्य. खाली जाताना 'मदर ब्रिंग्ज भाकरी', मागं येताना 'भाकरी इज ब्रॉट बाय मदर'. चुकली, की स्वतःच्या कपाळावर हात मारायची आणि आम्हाला जागीच थांबवायची. बरोबर वाक्य सापडलं, की मगच आमची पावलं मागं. एकदा पुंजाराम चहा पीत बांधावर बसला होता, तर तिनं त्यालाच वाक्यात घातलं. आपलं नाव खाली जाताना एकदा, मागं येताना एकदा ऐकून तो लालबुंद झाला आणि तडक सहादेवाकडे गेला.

"तुजी पोरगी मला इंग्रजीत शिव्या देती! जाताना बी देती आन् येताना बी देती!"

सहादेव खाटेवर पडल्या पडल्या इतका हसला, की गुडघा दुखायचा विसरला.

फाल्गुन लागला. सहादेवाचा पाय बरा झाला. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून तो म्हणाला, "जा पोरी, घरात बसून अब्यास कर. मोट मी हाकतो." आम्ही धावेनं खाली गेलो. मोट वर आली, पाणी पडलं. आणि आम्ही उभे राहिलो.

"मागं! मागं रं चांद्या!" सहादेव ओरडला.

मी हललो नाही. खंड्याही हलला नाही. आम्हाला आडमुठे म्हणू नका, मित्रांनो. मागं जायचं ते बरोबर वाक्य ऐकल्यावर, अशी आमची शिस्तच होऊन बसली होती. सहादेवानं कासरे ओढले, टिटकारी दिली, चाबूक उगारला. पण त्याच्यानं आम्हाला मारवेना. पुंजाराम बांधावर पोट धरून हसत होता. "बैलं बिगडली तुजी! पोरीच्या हातात दिल्यावर दुसरं काय व्हनार?"

गलका ऐकून विजयमाला धावत आली. आम्हाला पाहिलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

"आबा, त्यास्नी इंग्रजी लागतंय!"

"म्हंजी?"

"द वॉटर इज ड्रॉन बाय द बुलक्स!" ती खणखणीत आवाजात म्हणाली, आणि आम्ही दोघं एका रेषेत, न अडखळता, थेट विहिरीच्या काठापर्यंत मागं गेलो.

पुंजारामाचं हसू तोंडातच राहिलं. सहादेव मात्र मटकन बांधावर बसला. आपल्या मुलीकडे तो असा बघत होता, जणू काही ती आजच त्याला पहिल्यांदा दिसत होती.

"विजू," तो हळूच म्हणाला, "तू सारा हिवाळा ह्येच करीत हुतीस? पानी बी काढलंस आन् अब्यास बी केलास?"

"व्हय आबा."

"मंग मला बी शिकीव."

त्या दिवसापासून मोट दोघांनी हाकली. खाली जाताना सहादेव सरळ वाक्य म्हणायचा, मागं येताना विजयमाला त्याचं उलटं करायची. सहादेवाचं इंग्रजी म्हणजे ज्वारीत खडे! पण तो तिला फसवायलाही शिकला. मध्येच भूतकाळ घालायचा, मध्येच भविष्यकाळ. ती फसायची नाही. आता परीक्षेची काळजी तिच्यापेक्षा त्यालाच जास्त लागली होती. गोठ्यात येऊन मला विचारायचा, "व्हईल का रं पास?" मी मान हलवायचो. दुसरं मी काय करणार?

परीक्षा संगमनेरला होती. तिथं काय झालं ते तिनं घरी आल्या आल्या आम्हाला वैरण घालता घालता सांगितलं. प्रश्न समोर आला आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधार पसरला. एक शब्द आठवेना. मग तिनं डोळे मिटले, आणि बाकाखाली तिचे पाय आपोआप पुढं सरकले, मग मागं. पुढं सरळ, मागं उलट. हात लिहू लागला. तेवढ्यात देखरेख करणारे सर आले. त्यांना वाटलं, ही बाकाखाली काहीतरी लपवते आहे.

"ए मुली, पायांत काय आहे? काय चाललंय?"

"सर, बैल चालवते आहे," ती म्हणाली.

सगळा वर्ग खो खो हसला. सरांनी वाकून पाहिलं. बाकाखाली दोन धुळीचे पाय, दुसरं काहीच नव्हतं. "चालव, चालव," म्हणत तेही हसत पुढं गेले.

जूनमध्ये निकाल लागला. सुमंत सर स्वतः सायकलवरून आले. बांधावरूनच ओरडायला लागले, "विजयमाला! पास! पास!"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. "सर, इंग्रजीत?"

"इंग्रजीत शाळेत दुसरी! पहिला कोण आला ते विचारू नकोस, हेडमास्तरांचाच मुलगा आहे."

अहाहा! काय सांगू तुम्हाला त्या क्षणाचं! सहादेवानं तिला लहान पोरीसारखं उचललं. राहीबाई आतून तबक घेऊन आली. तिनं आधी लेकीला ओवाळलं, आणि मग डोळे पुशीत आमच्याकडे आली. पोळा नव्हता, सण नव्हता, तरी तिनं माझ्या आणि खंड्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणाचा घास भरवला. पुरण एवढ्या लवकर कधी शिजवलं होतं कुणास ठाऊक! सकाळपासूनच तिचा लेकीवर भरवसा असणार. मी खूप पोळे पाहिले, पण माझ्या लेखी खरा पोळा तोच. केडगावला निरोप गेला, की पोरगी नगरला शिकायला चालली आहे, लग्नाचं पुढं बघू.

मित्रांनो, मला माझ्यासाठी फार काही नको. ओला चारा मिळाला आणि कुणी कधी मानेवर खाजवलं, की मी सुखी. पण एक मागणं आहे. कुणी पोरगी भांडी घासताना, शेण उचलताना, पाणी भरताना तोंडातल्या तोंडात काही पुटपुटताना दिसली, तर तिला हसू नका. तिचं काम काढून घेता आलं तर घ्या. नाही आलं, तर निदान तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. आम्ही बैल असून थांबलो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गोठ्यापाशी कुणीतरी खाकरलं. पाहतो तर पुंजाराम! मान खाली, टोपी हातात. मागं त्याची मुलगी मुक्ता. तिला त्यानं नववीतून काढून घरी बसवलं होतं.

"सहादेवा," तो चाचरत म्हणाला, "हिला पुन्यांदा शाळंत घालतोय. हिचं बी इंग्रजीच कच्चं हाय. तुजी मोट... जरा हाकू देशील का तिला?"

सहादेव आभाळाकडे बघून हसला. "खुळा का काय, पुंजाराम? विहिरीत घोटाभर गाळ हाय नुसता. पानी कुठं हाय?"

"पानी कुनाला पायजे!" पुंजाराम म्हणाला.

सहादेवानं मोट काढून बाजूला ठेवली आणि नुसतं जू आमच्या खांद्यावर दिलं. विजयमालेनं कासरा मुक्ताच्या हातात दिला. तिला कासरा धरायची सवय नव्हती, म्हणून मी जरा हळू निघालो. आणि मित्रांनो, त्या दिवशी कोरड्या विहिरीवर आम्ही दिवस मावळेपर्यंत चालत होतो.