सागरच्या नावाने कोण येतं?

दमयंतीकाकूंच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी मांडवी वाडी टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीला हार, पुढे उदबत्ती आणि पडद्यावर ठोकळ्यांच्या दुनियेत, चिऱ्याच्या घरासमोर उभा असलेला ठोकळ्यांचाच सागर. काकूंचा खरा सागर दोन महिन्यांपूर्वी मुंबईत काविळीने गेला होता. गेममधलं हे घर त्यानेच बांधलं होतं, गावच्या मित्रांशी खेळता खेळता.

"आला गो, आला!" मालनमावशींनी हात जोडले.

महिपतबुवांनी डोळे मिटले. "पिंडाला कावळा का शिवला नाही? इच्छा राहिली होती. आत्म्याला देह नाही, म्हणून त्याने इंटरनेट धरलं. लहरीत लहर मिसळली! विचारा माउली, काय विचारायचं ते."

शेजारची नम्रता मागे भिंतीला टेकून उभी होती. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची; लहरींबद्दल तिला बरंच बोलता आलं असतं. पण ही सगळी दुनिया तिच्याच घरात, फ्रिजवर ठेवलेल्या जुन्या संगणकावर, तिच्याच घरच्या नेटवर चालत होती. वाडीतल्या आणि मुंबईला गेलेल्या मुलांना एकत्र खेळता यावं म्हणून तिने हा छोटा सर्व्हर मांडला होता. विकतचं खातं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून ओळख तपासणं बंद ठेवलं होतं. सर्व्हरचा पत्ता ज्याच्याकडे असेल तो हवं ते नाव लिहून आत येऊ शकत होता.

'सागर' प्रथम दिसला त्याच दिवशी, कोणीतरी त्याचं नाव घेऊन आलंय हे तिला कळलं होतं. पण त्या दिवशी काकू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. नम्रता गप्प राहिली. नंतर वीज गेली की सर्व्हर बंद पडे आणि बुवा सांगत, "आत्मा रुसलाय, उपास करा." काकू मधुमेह असून उपास करत, तरी ती गप्पच राहिली.

आज पडद्यावर अक्षरं उमटली : आई, सुया बंद कर. बुवांचा अंगारा घे.

"घेत्ये रे बाबा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आजपासून इन्सुलिन नाही."

घरी जाऊन सर्व्हरची वायर उपटावी असं नम्रताला वाटलं. पण मग आत्मा पुन्हा रुसला असता आणि काकूंनी इन्सुलिन सोडून उपासही धरला असता. ती पुढे झाली.

"काकू, एकदा तुम्ही त्याचं नाव लिहा."

"पोरी, देवाच्या कामात बोट घालू नकोस!" बुवा गरजले.

"देवाच्या नाही बुवा, माझ्या सर्व्हरच्या कामात घालत्ये."

टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपवर गेम पाहुण्याच्या नावाने चालू होता. नम्रताने तो बंद केला, नावाची चौकट उघडली आणि लॅपटॉप काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी एकेक अक्षर शोधत मुलाचं नाव लिहिलं. पडद्यावर पुन्हा चिऱ्याचं घर आलं. समोर मात्र कोणीच नव्हतं.

मागच्या पडवीतून आवाज आला, "च्यायला, मला कोणी बाहेर काढलं?"

मालनमावशी ताडकन उठल्या. पडवीत बुवांचा शिष्य राकेश मोबाइल धरून बसला होता. पूर्वी तोही याच सर्व्हरवर खेळायचा.

"मेल्या, तूच होय आत्मा?"

"एका नावाने एकच जण आत राहतो," नम्रता म्हणाली. "तेच नाव घेऊन दुसरा आला की पहिला बाहेर फेकला जातो. काकू, ती पुढे जायची कळ दाबा."

काकूंनी दाबली. चिऱ्याचं घर एक पाऊल जवळ आलं.

"म्हणजे आता मीच सागर," त्या हळूच म्हणाल्या. बुवांना एकाएकी एसटीची वेळ आठवली.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" काकूंनी नम्रताला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला वेड्यासारखं बोलू दिलंस त्याच्याशी?"

"तुम्ही जेवायला लागला होतात, काकू."

काकूंनी लॅपटॉप बाजूला ठेवला. इन्सुलिन आणायला नम्रता वळली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू नको. मालन, तू आण गो."

नम्रता दाराशीच थांबली. मग लोकांकडे वळून म्हणाली, "मेलेलं माणूस औषध बंद करायला सांगतंय असं कोणी म्हणालं, तर आधी बघा, त्याचं नाव दुसरं कोणी घेऊ शकतं का. आणि कळलं तर त्याच दिवशी बोला. माझ्यासारखं थांबू नका."