देवीसमोरचा फोटो

जपानच्या डोंगरातली देवळं अतुलनं टीव्हीवर लावलेल्या फोटोंत बघताना राजारामजींना आधी कोण आनंद झाला! नागपूरच्या पोस्टात जन्म गेलेला माणूस. आणि मुलगा ऑफिसच्या कामासाठी जपानला जातो काय, रविवारी ट्रेन पकडून बुद्धाच्या जुन्या विहारांत पोचतो काय! डोंगर चढणारी इवलीशी गाडी, उंच झाडं, धुकं. मग एकदम वीणेसारखं वाद्य घेतलेली देवी, आणि तिच्यापुढे हात जोडून उभा अतुल.

"ही सरस्वती काहून?"

"तिथंही असते, बाबा," म्हणत अतुलनं घाईघाईनं पुढचा फोटो लावला.

ती घाईच म्हाताऱ्याला खटकली. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर वडिलांचं बोट धरून देव सोडलेला हा माणूस! मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. अमेरिकेतल्या, सनीव्हेलच्या या फ्लॅटमध्ये बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये न लावता बेडरूममध्ये का? ऑफिसातून फोन केला की अतुल 'जय भीम' इतकं हळू का म्हणतो? पोरगा आपण कोण ते लपवतोय की काय? त्यांना जेवण गोड लागेना.

शनिवारी परीक्षित जेवायला आला. अतुलच्या ऑफिसातला, पुण्याचा. जपानला दोघं बरोबरच होते. आल्याआल्या वाकून नमस्कार केला. राजारामजी त्याच्यावर डोळा ठेवूनच पानावर बसले.

"काका, तुमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी ना? मी ट्रेनमध्ये विचारलं, तेव्हा अतुल म्हणाला. म्हणून तर त्याला देवीसमोर उभा केला. म्हटलं, यार, एक फोटो मस्ट आहे!"

अतुलचा वरण वाढणारा हात तसाच थांबला. बुद्धाच्या दारी गेलेल्या दोघांत बौद्ध एकटा हाच, आणि यानंच ते लपवलं! राजारामजींचा जीव जळला. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मुलाची लाज राहिली असती. पण जीभ वळेना.

"त्यालाच विचार," ते म्हणाले.

अतुल उठून आत गेला. रुसला असेल, असं म्हाताऱ्याला वाटलं. तो परत आला तेव्हा हातात बाबासाहेबांचा फोटो होता. टीव्हीशेजारची फुलदाणी उचलून त्यानं तिथं तो ठेवला.

"खोटं बोललो, परीक्षित. आम्हाला कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध आहोत." मग वडिलांकडे वळून तो खणखणीत म्हणाला, "जय भीम, बाबा!"

राजारामजी पानावरून उठून फोटोसमोर उभे राहिले. या वेळी त्यांचाच 'जय भीम' अगदी हळू निघाला.