मिटल्या डोळ्यांचे फोटो

सगळ्या घराण्याचे फोटो थोरलीच्या कंप्यूटरात साठलेले होते. कुणाच्या फोनमधली जागा संपली की तो तिच्याकडे यायचा, ओझं टाकायचा आणि मोकळा होऊन जायचा. पुढं त्या ओझ्याचं काय झालं हे विचारायची घरात पद्धत नव्हती. बरं, फोटो एकेक असते तर गोष्ट वेगळी. पण कॅमेरा समोर आला की बाबांचे डोळे नेमके मिटत. "पुन्हा एकदा, बाबांनी मिटले," असं म्हणत म्हणत एकेका वाढदिवसाचे ढीग झाले होते. बाबा गेले आणि थोरलीला त्या ढिगाला हात लावायचा धीर होईना. आज बघू, उद्या बघू करत वर्ष निघून गेलं.

मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आईनं आधी भिंतीवरची जळमटं दाखवली, मग थोरलीचे पांढरे केस, आणि मग म्हणाली, "शेवटची काही वर्षं ह्यांना मी नुसतं धुरकट पाहिलंय गं. एकदा नीट बघू दे."

थोरलीनं दुसऱ्याच दिवशी कंप्यूटर लावला. ढीग जागेवर नव्हता. तिथं फोटोंचा एक आटोपशीर, धुतल्यासारखा स्वच्छ संच होता. ही स्वच्छता कुणाची, ते तिला लगेच कळलं. तिनं भावाला बोलावून घेतलं.

धाकटा एका गोदामाचा व्यवस्थापक. पडून राहिलेला माल दिसला की त्याचे हात शिवशिवत. कामगार पाठीमागे त्याला झाडूसाहेब म्हणत, आणि हे कानावर आल्यापासून तो ती बढती समजत होता. आत्ताही तो कौतुक करून घ्यायच्या तयारीनंच आला.

"कसं वाटतंय, ताई?"

"बाकीचे कुठे गेले?"

"काल तुम्ही दोघी डॉक्टरांकडे होतात ना, तेवढ्यात उरकलं. एक प्रोग्रॅम आहे. एकसारखे, हललेले, डोळे मिटलेले, सगळं आपोआप वेचून काढतो. तुला वर्षभर जमलं नाही ते माझा चहा निवायच्या आत झालं."

"डोळे मिटलेले," थोरली म्हणाली.

"हो, ते तर आधी."

"ते परत काढ."

"कचरापेटी रिकामी केली. तू जादा प्रती ठेवलेल्या त्या वेगळ्या हार्ड डिस्कवरचेही पुसले. मी काम अर्धवट ठेवत नाही, तुला माहितीये."

थोरलीनं उरलेले फोटो पाहायला सुरुवात केली. धाकट्याची गाडी पुढून, धाकट्याची गाडी मागून. केक. भाचरं. बाबा एकाच ठिकाणी सापडले: ओळखपत्राच्या फोटोत, फोटोवाल्यानं दम दिल्यामुळे डोळे वटारून बसलेले. आईनं वाकून पाहिलं.

"हे कोण? ह्या माणसाशी मी लग्न केलं नसतं."

थोरली ओरडली नाही. ओरडणं म्हणजे त्याला स्वस्तात सोडणं झालं असतं.

"बापाला भंगारात काढलंस तू."

"ताई, मी कुठे? तो प्रोग्रॅम..."

"प्रोग्रॅमला बाप नव्हता. तुला होता. फोन काढ. आत्या, मामा, ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये बाबा असतील त्यांना लाव. मेसेज नाही करायचा. तोंडानं सांगायचं, माझ्यासमोर."

धाकट्यानं आत्याला फोन लावला. थोरलीनं स्पीकर चालू केला.

"आत्या, तुझ्याकडे बाबांचे डोळे मिटलेले फोटो आहेत का?"

"मेल्या, असले फोटो काढतं का कुणी?"

"तसे नाही गं. चांगले हिंडतेफिरते असताना मिटलेले."

"मग सगळेच तसे. पण तुमच्याकडचे कुठे गेले?"

धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं. तिनं नुसती भुवई वर केली.

"मी पुसले."

यावर आत्या जे बोलली ते त्याच्या बारशापासून सुरू होऊन त्याच्या टकलापर्यंत आलं. मग मामा. मामांनी एवढंच विचारलं, "का रे?" ते जास्त लागलं. घाम पुसत त्यानं पुढचा नंबर काढला. थोरली हाताची घडी घालून समोर बसून होती. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुपार उलटल्यावर फोटो यायला लागले. निवडून कुणीच पाठवले नाहीत. ज्यानं त्यानं आपला सगळा फोन ओतला. एकच वाढदिवस चार घरांकडून आला. पहिला ढीग बरा म्हणायची वेळ आली. आई खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली. बाबा डोळे मिटून केक कापत होते, डोळे मिटून गाडीला टेकले होते, डोळे मिटून आईच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

धाकट्याचा हात सवयीनं माऊसकडे गेला.

"ताई, हे दोन अगदी एकच आहेत. एक काढला तरी..."

"एक कुठे?" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ह्यात आत्ता मिटतायत. त्यात उघडायला लागलेत."

थोरलीनं माऊस उचलून आपल्या मांडीवर ठेवला.