कोणता लॉकी गेला?

"हे घे. माझ्या मरणाचं जेवण. तुझ्या घरी पोचवायला आलोय."

उंच लॉकी दारात उभा होता. हातात फॉइलने झाकलेलं खिमा-बटाट्याचं भांडं, काखेत घरच्या पावाची पिशवी. मुर्डीनाला काही कळेना.

"तुझ्या मरणाचं?"

"मग काय! सकाळी रेडिओवर काय वाचलं? लॉकलन मॅकआयझॅक, मासेमार, अचानक निधन. संपलं. अगं, या गावात आम्ही तिघं आहोत त्या नावाचे, आणि तिघंही मासेमार. तासाभरात तीन बायका माझ्या दारात रडत हजर. इफीने तर मला बघून केक पायरीवरच टाकला. वर मलाच झापलं, 'जिवंत होतास तर आधी सांगायला काय झालं होतं?'"

मुर्डीना हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. आणि हसता हसता तिचा हात नकळत दिवाणखान्याच्या दाराकडे गेला, ते हळूच ओढून घ्यायला. आत तिचा लॉकी निळ्या सुटात झोपवलेला होता. शहरातल्या अंत्यविधीवाल्यांच्या त्या गालिचे घातलेल्या हॉलमध्ये मला ठेवू नका, आपल्याच घरात ठेवा, असं तो नेहमी म्हणायचा. दोरी गुंडाळता गुंडाळता शेडमध्येच गेला. दोरी निम्मी गुंडाळून झाली होती.

तिने चहा ओतला. उंच लॉकीने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"रेडिओवाल्यांना फोन करते," ती म्हणाली. "दुपारी पुन्हा वाचतात. तुझं बरं आहे, तुला सगळे उंच म्हणतात. दुसरा तो पोस्टाजवळ राहतो म्हणून पोस्टाचा लॉकी. माझ्या लॉकीला धक्क्यावर काय म्हणायचे रे?"

लॉकी चहात साखर ढवळत राहिला.

"सँडी रोरीचा लॉकी म्हणून सांग."

"ते त्याच्या बापाच्या वेळचं. आता कुणाला कळणार? धक्क्यावर प्रत्येकाला नाव असतं. तुम्ही पुरुष बायकांसमोर घेत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

"जाऊ दे ना, मुर्डी."

"इतकं वाईट आहे?"

"वाईट असं नाही गं... थट्टेतलं. त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही."

"मग सांग की. त्याच्याच नावाने लोक त्याला भेटायला येऊ देत. तुझ्याकडे नकोत."

लॉकीने दिवाणखान्याच्या दाराकडे पाहिलं, जणू परवानगीच मागत होता. मग मान खाली घालून म्हणाला, "डायपर लॉकी."

मुर्डीनाने किटली खाली ठेवली.

"ते त्या कावळ्यांमुळे झालं," तो घाईने सांगू लागला. "शेवंडांचा हंगाम होता. पहाटे आम्ही सगळे आपापल्या गाड्या घेऊन धक्क्याकडे निघालो, तर तुमच्या वाटेच्या तोंडाशी कावळ्यांनी काळी पिशवी फाडलेली. रस्ताभर तेच. ते पॅड. आणि हा गुडघ्यावर बसून नुसत्या हातांनी गोळा करतोय. गाड्यांची रांग लागली. रॅनी ओरडला, 'अरे, घरात बाळ आलं का काय?' तर हा उठून उभा राहिला, हातात ते तसंच, आणि म्हणाला, 'माझंच आहे. ऑपरेशन झाल्यापासून गळतो मी. झालं समाधान? हाका आता गाड्या.' मग काय, मुर्डी, तुला माहीत आहे ना पोरं कशी असतात. नाव पडलं ते पडलं."

"ऑपरेशन?" मुर्डीना म्हणाली. "लॉकीचं? त्याला जन्मात टाके पडले ते फक्त अंगठ्याला."

बोलून गेल्यावर तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

उंच लॉकीने तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागला. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

तिच्या चौथ्या बाळंतपणानंतर ते गळणं सुरू झालं होतं. आधी शिंकलं, हसलं की. पुढे काहीच कारण लागेना. गावातल्या दुकानात पॅड घ्यायचे तर गल्ल्यावर चुलत बहीण. म्हणून महिन्यातून एकदा इथल्याच सिडनी शहरात गाडीने जायचं आणि मोठ्या दुकानातून आणून तळघरात, जुन्या कपड्यांच्या खोक्यामागे ठेवायचं. चर्चमध्ये कडेचा बाक. कुणाकडे गेलं तर लाकडी खुर्ची. गडद कपडे. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात, मग पावाच्या पिशवीत, आणि मग काळ्या पिशवीत. पालिकेच्या नियमाने कचरा पारदर्शक पिशवीत घालावा लागतो, सगळ्या रस्त्याला दिसेल असा. खाजगीसाठी काळी पिशवी घराला एकच. त्या एका पिशवीत ती आपली सगळी लाज कोंबायची आणि लॉकी ती रस्त्यावर नेऊन ठेवायचा. कधी विचारलं नाही, इतकी जड का.

आणि बिछाना. एका सकाळी गादी ओली झाली, त्याला जाग यायच्या आत तिने कशीबशी निस्तरली, आणि त्याच दिवशी ती लेकीच्या, इसबेलच्या, रिकाम्या खोलीत झोपायला गेली. 'फार घोरतोस तू,' म्हणाली. बिचाऱ्याने काय काय केलं! रात्रीची रम सोडली. नाकाला पट्ट्या लावल्या. कुशीवरच झोपावं म्हणून बनियनला मागे टेनिसचा चेंडू शिवून घेतला, तोही तिच्याकडूनच. रोज न्याहारीला विचारायचा, 'काल कमी होतं ना गं?' ती म्हणायची, 'नाही रे, तसंच.'

मग एका वसंतात त्याने ते सगळं एकदम बंद केलं. पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. उलट स्वतःच सांगू लागला, 'काल तर मी छप्पर उडवलं असेल. तू तिकडेच बरी आहेस, मुर्डी. तिकडेच झोप.' त्या दिवशी ती भांडी घासताना नळ मोठा सोडून रडली होती. तिला वाटलं होतं, याला आता आपण नकोशा झालो.

तो वसंत म्हणजे शेवंडांचा हंगाम. तिला आत्ता कळलं.

"पत्ते खेळायला जायचं त्याने बंद केलं," ती म्हणाली. "मी किती टोचायची. बायकोच्या पदराला चिकटून बसतोस म्हणायची. का बंद केलं त्याने, लॉकी?"

"खुर्चीवर प्लॅस्टिक घालून ठेवायची पोरं. मीपण हसलोय. खोटं नाही सांगत." त्याने टोपीची कड दुमडली, सरळ केली. "हे बघ, मी काही ऐकलं नाही. मी फोन करतो, सँडी रोरीचा लॉकी सांगतो. कुणाला काही कळायचं कारण नाही."

"आणि ते नाव? विसरतील?"

त्याने टोपी पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"पोस्टाच्या लॉकीचा बाप मेल्याला किती वर्षं झाली, अजून त्याच्या नातवाला चोर जॉनीचा म्हणतात. माझा नातू अल्बर्टाहून आज येतोय. त्याला काय म्हणतील?"

"मुर्डी, तुला या गावात राहायचंय."

"हो ना," ती म्हणाली आणि फोनकडे गेली.

पलीकडे रेडिओवरच्या मुलीचा कोवळा आवाज होता. मुर्डीनाने आधी विचारलं, "तू कुणाची गं?"

"अँगस जॉन बीटनची. माबू गावची."

"बरं. तुझी आजी माझ्याबरोबर शाळेत होती. लिहून घे, बाळा. सकाळचं चुकलं, लोक भलत्याच घरी केक नेतायत. लॉकलन मॅकआयझॅक. धक्क्यावर त्याला डायपर लॉकी म्हणत."

पलीकडे पेन थांबलं असावं. "हे... हे वाचायचं, मॅडम?"

"वाचायचं. नाहीतर कळणार कसं कोण गेला? आणि पुढे लिही." तिने भिंतीला हात टेकला. "त्याला काहीही झालेलं नव्हतं. त्रास त्याच्या बायकोला होता, मुर्डीनाला. त्याने आपल्या नावावर घेतला. लिहिलंस? वाचून दाखव."

मुलीने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला तिचा आवाज बारीक झाला.

"असंच वाच. पण हसू नकोस हं."

"नाही हसणार, काकू."

फोन ठेवून ती वळली तेव्हा उंच लॉकी उभा होता, टोपी छातीशी धरून. तो म्हणाला, "मी दारात थांबतो. येतील त्यांना आत सोडायला."

मुर्डीना दिवाणखान्यात गेली. कोपऱ्यात नेहमीची लाकडी खुर्ची होती. ती तिने तशीच राहू दिली. निळी मखमली खुर्ची, पाहुण्यांची, शवपेटीजवळ ओढली आणि तिच्यावर बसली.

जपमाळ गुंडाळलेले त्याचे हात छातीवर होते. जाड बोटं, मिठाने चिरलेली, अंगठ्यावर टाक्यांची पांढरी रेघ. त्या हातांनी रस्ताभर गोळा केलं होतं. मग घरी येऊन, धुऊन, तिच्यासमोर बसून टोस्टला लोणी लावलं असेल. तिने त्यातला वरचा हात आपल्या हातात घेतला. किती वेळ धरला तरी तो गरम होईना.

दुपारच्या बातम्या झाल्या असाव्यात. वाटेवर खडी वाजली, एक गाडी, मग दुसरी, मग पुष्कळ. दारं लागल्याचे आवाज, आणि मग पुरुषांची ती बुटं झटकण्याची घाई. उंच लॉकी कुणाला तरी हळू आवाजात म्हणत होता, "आत आहे ती. टोपी काढ."

तेवढ्यात तिला ती ओळखीची ऊब जाणवली. आयुष्यभर अशा वेळी ती उठत आली होती. बोलणं अर्धं टाकून, हसणं अर्धं टाकून.

माणसं दारात आली. मुर्डीनाने लॉकीचा हात आणखी घट्ट धरला, आणि ती उठली नाही.